जुन्या ट्रकच्या एसीचा कॉम्प्रेसर बदलताना: काय आधी, काय नंतर

नवा कॉम्प्रेसर बसवला, गॅस भरला, दोन-तीन आठवडे केबिन गारेगार राहिली आणि मग पुन्हा तोच खडखडाट. टाटाचा जुना ४०७, १२१० किंवा टाटामोबाइल जीव लावून सांभाळणाऱ्यांकडून ही तक्रार मी दर उन्हाळ्यात ऐकतो. कंपनीकडून एसी न आलेल्या या गाड्यांना नंतर किट बसवलेलं असतं आणि त्यात बहुधा सँडेन ५०८ जातीचा, पाच पिस्टनचा कॉम्प्रेसर असतो. तो दणकट आहे. तेल आणि स्वच्छता मिळाली तर वर्षानुवर्षं चालतो. दुसरा कॉम्प्रेसर लवकर जातो तो पहिल्याला ज्या कारणाने मारलं ते कारण गाडीतच राहून जातं म्हणून. जुना ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा डबा) तसाच ठेवतात, पाइपांतला चुरा तसाच राहतो, व्हॅक्यूम, म्हणजे आतली हवा आणि पाणी पंपाने ओढून काढणं, दहा मिनिटांत उरकतात.

खाली दिलेला क्रम बदलू नका. पहिल्या टप्प्याआधी पाकिटाला हात घालू नका.

## १. कॉम्प्रेसरच गेलाय का, ते आधी ठरवा

इंजिन बंद आणि थंड असताना दोन्ही गेज लावा. आर-१३४ए गॅस असेल आणि हवा ३० अंशांची असेल, तर दोन्ही काटे साधारण ९५ ते १०० पीएसआयवर उभे राहायला हवेत. तीस-चाळीसच दाखवत असतील तर गॅस गळून गेलाय आणि आधी गळती शोधायची आहे. उलट, पूर्ण दाब दिसला म्हणजे गॅसही पूर्ण आहे असं नाही. आत थोडा जरी द्रव शिल्लक असेल तरी काटा तेवढाच दाखवतो.

आता इंजिन चालू करून एसी लावा. कॉम्प्रेसरला पुलीशी जोडणारा क्लच विजेच्या चुंबकावर चालतो, त्याची पुढची टिकली आत ओढली जाते का पाहा. जात नसेल तर फ्यूज, रिले, प्रेशर स्विच, थर्मोस्टॅट आणि शेवटी क्लचची कॉइल, या क्रमाने तपासा. १२ व्होल्टच्या कॉइलचा रोध साधारण ३ ते ४ ओहम येतो, २४ व्होल्टच्या कॉइलचा त्याच्या चौपटीच्या आसपास. शून्य आला तर कॉइल शॉर्ट, काहीच आला नाही तर तुटलेली.

मुंबईत एक गोष्ट हमखास आढळते ती म्हणजे अर्थिंग. बहुतेक कॉइलना अर्थ कॉम्प्रेसरच्या अंगातून मिळतो, कॉम्प्रेसरला ब्रॅकेटमधून आणि ब्रॅकेटला इंजिनातून. खाऱ्या हवेने या जोडांवर गंज चढतो, वर कुणीतरी ब्रॅकेटला रंग मारलेला असतो. क्लच मग अर्धवट ओढला जातो, घसरतो, जळतो आणि दोष कॉम्प्रेसरवर येतो. बॅटरीच्या निगेटिव्हपासून कॉम्प्रेसरच्या अंगापर्यंत जाड वायर तात्पुरती धरून पाहा. क्लच खणकन बसला तर तुमचा कॉम्प्रेसर वाचला.

आवाजाचंही तसंच. एसी बंद असतानाही घरघर येत असेल तर पुलीचं बेअरिंग गेलंय. एसी लावल्यावरच खडखड सुरू होत असेल तर बिघाड आत आहे. मात्र सैल ब्रॅकेटही हुबेहूब असाच आवाज करतो, म्हणून बोल्टवर एकदा पाना फिरवून मगच निकाल द्या.

क्लच नीट बसलाय, बेल्ट घसरत नाही, तरी सक्शनचा (लो बाजूचा) काटा ७०-८० वर आणि डिस्चार्जचा (हाय बाजूचा) जेमतेम १२०-१३० वर रेंगाळतोय, तर आतल्या व्हॉल्व्हच्या पट्ट्या किंवा गॅस्केट गेलंय. त्या कॉम्प्रेसरमध्ये दाब तयार होत नाही.

तपासा: बेल्ट काढून क्लचची पुढची टिकली हाताने फिरवा. एकसारखा, जरासा अडखळत जाणारा प्रतिकार चांगला. मध्येच अडकली, करकरली किंवा अगदी मोकळी गरगरली, तर आत बिघाड आहे.

## २. दुरुस्ती कधी, नवा कधी

बेअरिंग, कॉइल, क्लच प्लेट आणि शाफ्टचं सील या चार गोष्टी सुट्या बदलता येतात आणि बदलाव्यात. सील गेल्याची खूण अशी: कॉम्प्रेसरच्या नाकाडाभोवती आणि समोर बॉनेटच्या आतल्या बाजूला तेलाची गोल फवारणी उडालेली दिसते.

पिस्टन, सिलिंडर किंवा आतली प्लेट खरवडली असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर वापरलेले कॉम्प्रेसर भरपूर मिळतात. घ्यायला हरकत नाही, पण दोन्ही तोंडं झाकलेली असतील तरच. उघड्या तोंडाने फळीवर पडलेल्या कॉम्प्रेसरने पावसाळा बघितला असेल तर आत गंज धरलेला असतो आणि वरून तो कळत नाही. टोपण काढल्यावर आतला दाब फुस्स करून सुटला, तर तो माल निदान बंद तरी होता एवढं समजतं.

इशारा: खरेदीआधी गाडीचा व्होल्टेज मल्टिमीटरने मोजा. दोन बॅटऱ्या दिसल्या म्हणजे २४ व्होल्ट, असं गृहीत धरू नका. त्या समांतर जोडलेल्या असतील तर १२ व्होल्टच असतात. १२ ची कॉइल २४ वर जळते, २४ ची कॉइल १२ वर अर्धवट ओढते आणि प्लेट घासून संपवते.

## ३. सामान आधी जमवा

अर्धं काम झाल्यावर ओ-रिंग आणायला धावणं म्हणजे उघड्या पाइपांत दोन तास मुंबईची दमट हवा भरणं. म्हणून गाडीला हात लावण्याआधी हे सगळं समोर असू द्या: जुन्याशी पुलीच्या खाचा, बोल्टाच्या कानांची जागा आणि पाइपांची तोंडं जुळणारा कॉम्प्रेसर, नवा ड्रायर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कूलिंग कॉइलमध्ये बारीक छिद्रातून गॅस सोडणारा), आर-१३४एला चालणाऱ्या ओ-रिंगांचा संच, कॉम्प्रेसरच्या स्टिकरवर लिहिलेल्या प्रतीचं तेल, नवा बेल्ट, फीलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या), मोजपात्र, किचनमधला वजनकाटा, आणि पाइपांची तोंडं झाकायला रबरी बुचं.

ओ-रिंग, बोल्ट, बेअरिंग आणि बेल्ट नागदेवी स्ट्रीटवर एका फेरीत मिळतात. जुना नमुना बरोबर न्या. रिले आणि डायोड लॅमिंग्टन रोडला.

ड्रायरबद्दल वेगळं सांगायलाच हवं. यात ओलावा शोषणारे मणी असतात आणि ते एकदा भरले की भरले. पाइप उघडला की ड्रायर बदलायचा, मग तो महिन्यापूर्वीचा का असेना. नव्या ड्रायरची बुचं सगळ्यात शेवटी, जोडणीच्या क्षणी काढायची. दुकानदार ‘आत काय आहे दाखवतो’ म्हणून बुच उघडू लागला तर त्याचा हात धरा.

गॅस पावती देणाऱ्या ओळखीच्या दुकानातूनच घ्या. स्वस्त नकली सिलिंडरांत आर-४० (मिथाइल क्लोराइड) मिसळलेला आढळला आहे. तो ॲल्युमिनियमशी संयोग पावतो आणि तयार होणारं रसायन हवा लागताच पेटतं. तुमचा कॉम्प्रेसर, कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी), पाइप सगळं ॲल्युमिनियमचंच आहे.

## ४. गॅस काढून घ्या, हवेत सोडू नका

रिकव्हरी मशीन असलेल्या गॅरेजात गाडी नेऊन गॅस काढून घ्या, मग घरी किंवा यार्डात काम करा. आर-१३४ए वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून जास्त जोरकस आहे आणि जुना आर-१२ ओझोनही खातो. पाना सैल करून गॅस सोडण्याच्या सवयीत आणखी एक तोटा आहे: त्या झोताबरोबर तेलही उडून जातं आणि पुढचा तेलाचा हिशेब चुकतो.

इशारा: गॉगल आणि हातमोजे घाला. द्रव गॅस डोळ्यात गेला तर डोळा गोठतो. आसपास बिडी, स्टोव्ह, गॅस कटिंग काहीही नको. हा गॅस ज्वाळेतून गेला की विषारी धूर होतो.

## ५. उतरवा आणि तेल वाचा

बॅटरीची निगेटिव्ह काढा. बेल्ट सैल करा. पाइपांचे नट सोडताना नेहमी दोन पाने वापरा, एक नटावर आणि एक समोरच्या तोंडावर. एकाच पान्याने जोर लावला की ॲल्युमिनियमचा पाइप पिळला जातो आणि पुढे तिथेच गळती सुरू होते. पाइप सुटला की लगेच बुच लावा. बुच नसेल तर प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड.

आता जुना कॉम्प्रेसर स्टीलच्या पांढऱ्या वाटीवर उलटा धरा, टिकली हळूहळू फिरवत सगळं तेल काढा आणि मोजा. वाटी उन्हात नेऊन नीट बघा.

गेल्या मे महिन्यात वडाळ्याला एका मित्राचा ४०७ उघडला होता. त्याला एका गॅरेजने फक्त कॉम्प्रेसर बदलून दिला होता, ड्रायर आणि व्हॉल्व्ह जुनेच. एकोणीस दिवस चालला. वाटीत तेल ओतलं तेव्हा सुरुवातीला राखाडी वाटलं. वाटी तिरकी केली आणि तळाशी मासळीच्या खवल्यांसारखी चकाकी सरकली. बोटावर घेऊन चोळलं तर कचकच लागली. तो पहिल्या कॉम्प्रेसरचा चुरा होता आणि दुसऱ्याने तो एकोणीस दिवस गिळला होता.

तेल स्वच्छ, पिवळसर असेल तर फक्त कॉम्प्रेसर, ड्रायर आणि ओ-रिंग बदलून भागेल. काळं आणि जळकट वासाचं असेल तर पूर्ण यंत्रणा धुवायची. चकाकी असेल तर धुवायची आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हही टाकून द्यायचा, कारण त्याच्या बारीक छिद्रात चुरा अडकतोच.

## ६. धुणे

हा टप्पा सगळे गाळतात. इथेच पैसे वाचतात किंवा बुडतात.

ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह काढून ठेवा. कंडेन्सर, कूलिंग कॉइल आणि प्रत्येक नळी वेगवेगळी धुवा. एसीसाठीचंच फ्लशिंग द्रव वापरा. पेट्रोल, डिझेल, थिनर अजिबात नको, त्याचा अंश आत राहतो आणि तेल बिघडवतो. गॅस ज्या दिशेने वाहतो त्याच्या उलट दिशेने द्रव सोडा आणि बाहेर येणारं पांढऱ्या फडक्यावर धरा. फडकं स्वच्छ राहीपर्यंत थांबू नका. शेवटी कोरड्या नायट्रोजनने पाच-दहा मिनिटं फुंकून द्रव पूर्ण काढा. गॅरेजच्या हवेच्या कॉम्प्रेसरने फुंकाल तर टाकीतलं पाणी आत जाईल, पावसाळ्यात तर अक्षरशः थेंब जातात.

कंडेन्सर कसला आहे तेही बघा. जाड गोल नळी नागमोडी फिरवलेली असेल तर तो धुतला जातो. चपट्या पट्ट्यांचा, आत केसाएवढ्या वाटा असलेला नवा प्रकार चुरा गेल्यावर धुवून साफ होत नाही. मन घट्ट करून बदला.

गाडीत अजून आर-१२ ची जुनी यंत्रणा असेल तर हीच वेळ आहे. भारतात त्याचं उत्पादन २००८ मध्येच थांबलं. ‘आर-१२ आहे’ म्हणत कुणी विकत असेल तर आत काय आहे याची खात्री नाही. आर-१३४एवर यायचं तर जुनं मिनरल तेल पूर्ण काढावं लागतं, कारण ते या गॅसबरोबर मिसळून परत येत नाही, कोपऱ्यात साचून राहतं. धुतल्यावरही अंश राहील अशी शंका असेल तर एस्टर तेल घ्या, ते थोडंफार मिनरल तेल चालवून घेतं. ओ-रिंग आणि ड्रायर नव्या गॅसचे, भरायच्या तोंडांना नव्या मापाचे ॲडॅप्टर. गॅस जुन्या वजनाच्या ८० ते ८५ टक्केच.

## ७. तेलाचा हिशेब

नव्या कॉम्प्रेसरमध्ये तेल भरलेलंच येतं, म्हणून सरळ बसवायचं, ही सर्रास चूक. ते तेल बहुतेकदा पूर्ण यंत्रणेसाठी भरलेलं असतं.

यंत्रणा धुतली नसेल तर जुन्यातून जेवढं मिलिलिटर निघालं तेवढंच नव्यात ठेवा आणि नव्या ड्रायरसाठी १५ ते ३० मिलिलिटर वाढवा. जुन्यातून जेमतेम दोन चमचेच निघालं असेल तर तेल गळतीतून गेलंय. मग धुवून पूर्ण मापानेच भरा. यंत्रणा धुतली असेल तर स्टिकरवरचं पूर्ण माप.

तेल कमी पडलं तर कॉम्प्रेसर जळतो. जास्त झालं तर ते कूलिंग कॉइलच्या भिंतींवर थर धरतं, गारवा कमी होतो आणि डिस्चार्जचा दाब चढतो. आर-१३४एसाठीच्या पॅग तेलाचा डबा उघडा ठेवू नका, ते हवेतलं पाणी ओढतं. गेल्या पावसाळ्यात उघडलेला अर्धा डबा वापरायचा मोह टाळा.

## ८. बसवणे

चारही बोल्ट आधी हाताने लावा. कान आणि ब्रॅकेट यांच्यात फट राहत असेल तर शिम (पातळ चकती) घाला, बोल्ट आवळून फट मिटवू नका. तसं केलं की कान ताणाखाली राहतो आणि डिझेल इंजिनाच्या थरथरीने तडकतो. कॉम्प्रेसर उलटा किंवा तेलाचं बुच खाली येईल असा बसवायचा नाही.

पुल्या एका रेषेत आहेत का, ते लोखंडी पट्टी लावून बघा. पट्टी पोहोचत नसेल तर दोरा ताणून. एक-दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर बेल्ट खाचेतून तिरका चालेल आणि बेअरिंग खाईल. बेल्टच्या लांब बाजूला मध्यावर अंगठा दाबल्यावर तो १० ते १२ मिलिमीटर दबावा.

तपासा: क्लचची फट. टिकली आणि पुली यांच्यात तीन जागी फीलर गेज घाला, ०.४ ते ०.८ मिलिमीटर यायला हवी. जास्त असेल तर टिकली काढून खालची शिम कमी करा, कमी असेल तर वाढवा. हे गाडीत बसवण्याआधी टेबलावर केलं तर दहा मिनिटांचं काम, बसवल्यावर तासाचं.

ओ-रिंगला तेच कॉम्प्रेसरचं तेल लावा, ग्रीस नाही. वायरिंग करताना कॉइलला स्वतंत्र अर्थ वायर द्या, बॅटरीपासून फ्यूज आणि रिलेमार्फत थेट प्लस द्या आणि कॉइलला समांतर उलट दिशेने डायोड लावा. जुन्या डॅशबोर्डच्या स्विचमधून पूर्ण करंट नेऊ नका. किटमध्ये प्रेशर स्विच नसेल तर ड्रायरबरोबर बसवून घ्या. गॅस गळून गेला की तेलही फिरत नाही, अशा वेळी क्लच बंद करणारा तोच एक राखणदार असतो.

ड्रायर सगळ्यात शेवटी. बुचं काढा, जोडा, लगेच पंप लावा. बाहेर पाऊस कोसळत असेल तर हे काम दुसऱ्या दिवशी.

## ९. गळती आणि व्हॅक्यूम

आधी रेग्युलेटर लावलेल्या सिलिंडरमधून कोरडा नायट्रोजन १५० पीएसआयपर्यंत भरा. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा. अर्ध्या तासात काटा खाली आला तर पुढे जाऊ नका.

इशारा: ऑक्सिजन कधीही नाही, तेलाशी भेटला की स्फोट होतो. गॅसमध्ये हवा मिसळून दाबाखाली तपासणेही धोक्याचं.

नायट्रोजन सोडा आणि व्हॅक्यूम पंप लावा. मुंबई समुद्रसपाटीला आहे, त्यामुळे काटा २९ इंचांच्या पुढे गेलाच पाहिजे. पुण्याला तोच पंप २८ च्या आसपास थांबतो, म्हणून तिकडच्या मित्राने सांगितलेला आकडा इथे प्रमाण मानू नका. ३० अंशांच्या दिवशी आतलं पाणी उकळून वाफ होण्यासाठी साधारण २८.७ इंच लागतात. इंचभराच्या आळसाने पाणी आतच राहतं.

उन्हाळ्यात पाऊण तास, जून ते सप्टेंबर किमान सव्वा तास पंप चालू ठेवा. मग गेजच्या चाव्या बंद करा, पंप थांबवा आणि अर्धा तास चहा प्या. काटा हलला नाही तर पुढे. सरळ वर चढत राहिला तर गळती. थोडा चढून थांबला तर आत पाणी आहे, पुन्हा पंप.

## १०. गॅस

कॉम्प्रेसरची टिकली हाताने दहा-बारा वेळा पूर्ण फिरवा. सिलिंडरच्या डोक्यात तेल साचलेलं असतं. ते तसंच ठेवून इंजिन लावलं तर पहिल्याच फेऱ्यात पट्टी वाकते.

डबा वजनकाट्यावर ठेवा. नळीतली हवा आधी काढा. इंजिन बंद असताना थोडा गॅस आत ओढू द्या, मग इंजिन चालू, एसी चालू, पंखा पूर्ण, दारं उघडी. आता फक्त लो बाजूने, डबा सरळ उभा ठेवून वायूरूपात भरा. डबा उलटा केला तर द्रव जातो आणि द्रव दाबला जात नाही.

इशारा: इंजिन चालू असताना हाय बाजूची चावी उघडायची नाही. तिकडचा दाब डब्यात शिरून डबा फुटतो.

किटचा कागद असेल तर त्यावरचं वजन. नसेल तर, केबिनमध्ये एकच कूलिंग कॉइल असलेल्या किटला माझ्या अनुभवात ५०० ते ७०० ग्रॅम लागतात. ४०० वर थांबा, पाच मिनिटं चालू द्या आणि मग पन्नास-पन्नासने वाढवा. इंजिन १५०० फेऱ्यांवर, हवा ३२-३३ अंश असताना लो २५ ते ४५ आणि हाय २०० ते २५० पीएसआय असला म्हणजे जमलं. हाय ३०० कडे धावू लागला तर भरणं थांबवा आणि कंडेन्सरवर पाण्याचा पाइप धरा. दाब झरकन उतरला तर गॅसचा दोष नाही, कंडेन्सरला हवा कमी पडतेय. जुन्या ट्रकला वेगळा इलेक्ट्रिक पंखा नसेल तर सायनच्या सिग्नलला हे रोज होणार, तो आजच बसवा.

## ११. पहिली पंधरा मिनिटं आणि पुढचे पंधरा दिवस

इंजिन आयडलवर ठेवून एसी दहा सेकंद चालू, दहा सेकंद बंद, असं वीसेक वेळा करा. क्लचचे दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर नीट बसतात. मग काचा बंद करून जाळीत थर्मामीटर खुपसा. कोरड्या दिवशी ७-८ अंश, जूनच्या दमट हवेत १० ते १२ अंश आले तर समाधान माना. केबिनखाली पाणी टपकत असेल तर चांगली खूण आहे. टपकत नसेल आणि पायाशी ओल लागत असेल तर ड्रेनची नळी तुंबलीय.

गॅस भरायच्या तोंडांची टोपणं घट्ट लावा. बॉनेटच्या आत एक स्टिकर चिकटवा: गॅस कोणता, किती ग्रॅम, तेल कोणतं, किती मिलिलिटर, तारीख. पुढच्या फिटरने चुकीचं तेल ओतू नये म्हणून एवढं पुरतं.

शंभरेक किलोमीटर झाले की बेल्ट पुन्हा ताणा, नवा बेल्ट हमखास सैल पडतो. ब्रॅकेटच्या बोल्टांवर पाना फिरवा. पंधरा दिवसांनी सकाळी, इंजिन थंड असताना, पांढरा रुमाल कॉम्प्रेसरच्या नाकाडाखाली आणि प्रत्येक जोडाखाली फिरवा. तेलाचा डाग आला तर त्याच जोडाची ओ-रिंग, गॅस संपायची वाट न बघता.